जानमाज, मन्या आणि अम्मी

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच असायचा. चहा झाला का, मुलाचा डबा भरला का, हे नंतर. आधी, "आज कुठे मुतलाय?"

मुतणारा म्हणजे मन्या, आमचा बोका. तीन वर्षांपूर्वी मुलाने सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेलं तळहाताएवढं पिवळं पिल्लू. वेळेवर नसबंदी झालेली, घराबाहेर कधी न जाणारा, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला आपली सगळी दुनिया मानणारा. नाव मुलाने ठेवलं मन्या. अम्मी पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा म्हणाली, मुसलमानाच्या घरात राहतो तर नाव जरा नीट असावं. तिने त्याचा 'मन्सूर मियाँ' केला. तो दोन्ही नावांना ओ देत नाही, फक्त पिशवीच्या आवाजाला देतो.

तीन वर्षांत मन्याने वाळूच्या ट्रेबाहेर एकदाही घाण केली नव्हती. मग अब्बांचा इंतकाल झाला. अम्मीने मिरजेच्या घरात इद्दतीचे चार महिने दहा दिवस काढले आणि जूनमध्ये मी तिला कायमची पुण्याला घेऊन आले. तिच्यासोबत दोन ट्रंका, अब्बांचा रेडिओ आणि एक कापसाची गादी आली. अम्मीचं माहेर नदाफांचं. कापूस पिंजणं, गाद्या भरणं हा पिढीजात धंदा. ही गादी तिच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या नानांनी, तिच्या लग्नात स्वतःच्या हाताने भरली होती. मधे दोनतीनदा कापूस पिंजून घेतला, खोळ बदलली, पण गादी तीच. फोमची नवी घेऊ म्हटलं तर ती माझ्याकडे अशी बघायची की मी पुढचं बोलायचेच नाही.

अम्मीला आम्ही गॅलरीलगतची खोली दिली. त्या खोलीत मन्याचा ट्रे होता. तो उचलून बाथरूमच्या बोळात, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला. वास येऊ नये म्हणून झाकणाचा नवा ट्रे आणला आणि वाळूही सुगंधी आणली. आपण फार शहाणपणाने सगळं लावलं, असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी बाथरूमसमोरचं पायपुसणं ओलं सापडलं. मग सोफ्याची उशी, मुलाचं दप्तर. आणि एके दिवशी पहाटे फजरला अम्मी सजद्यात गेली आणि तिच्या कपाळाला ओल लागली. जानमाज भिजलेली होती. अब्बांनी हजहून आणलेली जानमाज.

अम्मी ओरडली नाही. तिने जानमाज गुंडाळली, तोंड धुतलं, वुजू केला, दुसरी सतरंजी अंथरून नमाज पढली आणि मग येऊन म्हणाली, "बेटी, या घरात नमाज कुठं पढायची ते सांग."

ज्यांच्या घरात पाकी-नापाकीचा विचार नाही त्यांना मांजराचं मुतणं म्हणजे वास आणि डाग. आमच्याकडे त्यात तिसरी गोष्ट असते. मांजर स्वतः नापाक नाही, हे आपल्यात पोराटोरांनाही माहीत असतं. अबू कतादा (रजि.) यांची हकीकत मुवत्तात आहे, अबू दाऊद आणि तिर्मिजीतही आहे. सून कब्शा त्यांच्या वुजूसाठी पाणी काढून देते, तेवढ्यात मांजर येते आणि ते भांडं तिरकं करून तिला पाणी पाजतात. सून बघतच राहते. तेव्हा ते तिला सांगतात की पैगंबर (स.) यांनी मांजराला नापाक मानलेलं नाही, ते तर आपल्या अवतीभवती वावरणारं घरचंच जित्राब आहे. पण ही सवलत मांजराच्या उष्ट्याची. त्याचं मूत नापाकच. त्यामुळे ज्या अम्मीच्या ताटाशेजारी मन्या बसलेला चालत होता, तिलाच आता घरातली एकेक फरशी संशयाची वाटू लागली.

त्यात आमच्या घरात दोन फिकह. माझं माहेर हनफी, नवरा चिपळूणकडचा कोकणी, म्हणजे शाफई. हनफींच्या मते जमीन वाळली आणि डाग-वास गेला की ती नमाजासाठी पाक. शाफईंच्या मते नुसतं वाळणं पुरत नाही, पाणी ओतलं पाहिजे. म्हणजे अम्मीच्या हिशेबाने जी फरशी दुपारपर्यंत पाक झालेली असायची, ती नवऱ्याच्या हिशेबाने संध्याकाळीही नापाक. ऑफिसातून आला की तो पँट दुमडून बादली घेऊन उभा. कपड्यांबाबत मात्र दोघांचं जमायचं. अम्मी जानमाज तीनदा धुवायची, दर वेळी पिळून. पण गादी पिळता येत नाही, सोफा तीनदा धुता येत नाही. पुण्याच्या पावसात काही वाळतही नव्हतं.

आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत हेच करतात. फिनेल ओतलं. त्याने फिनेलचा आणि मुताचा मिळून तिसराच वास तयार झाला. एकदा मी ब्लीच ओतलं, तर डोळ्यांतून पाणी आणि घशात खवखव. लिंबू ठेवलं, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आणि मन्याला धरून, त्याचं नाक डागापाशी नेऊन, फटके दिले. हे शेवटचं मीच केलं. शाळेत मी मुलांवर हात उचलत नाही, पण त्या दिवशी उचलला. त्यानंतर मन्या मला बघितलं की पलंगाखाली जायचा आणि मुतायचं ते आमची पाठ फिरल्यावर. "बघ, मुद्दाम करतो. अक्कल आहे त्याला," मी नवऱ्याला म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका रात्री मन्या ट्रेमध्ये जाऊन बसला. उठला, परत बसला. असं दहाबारा वेळा. वाळू कोरडीच. मग तो एका वेगळ्याच आवाजात ओरडायला लागला. सकाळी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "कधीपासून अडकलंय?" लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, ती अडली की दोनेक दिवसांत जीव जाऊ शकतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याला भूल देऊन नळी घातली आणि सलाइन लावून दोन रात्री तिथेच ठेवून घेतलं.

डॉक्टरांनी माझ्याकडून घराची सगळी हकीकत काढून घेतली. तो उभा राहून, शेपटी ताठ करून भिंतीवर फवारा मारतो की बसून जमिनीवर करतो? बसून करतो. म्हणजे हद्द आखण्याचा प्रकार नाही. घरात काय बदललं? मी सांगत गेले तसं त्या मान हलवत गेल्या. नवीन माणूस आलं, हक्काची खोली गेली, ट्रे हलवला, तोही आचके देत फिरणाऱ्या मशीनच्या शेजारी. वर झाकण घातलं आणि वाळूला अत्तर लावलं. सोनोग्राफीत खडा नव्हता. तरुण मांजरांना ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, त्या म्हणाल्या. लघवी करताना आग होते. मांजराला वाटतं ट्रेमध्ये गेलं की दुखतं, म्हणून ते मऊ जागा शोधतं. पायपुसणं, उशी, जानमाज. तो सूड घेत नव्हता, त्याला दुखत होतं. आणि मी फटके दिले त्यातून तो एवढंच शिकला की या माणसांसमोर लघवी करायची नाही.

त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, शांत जागी, झाकण नको, वाळू बिनवासाची. पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी आणि कोरड्या दाण्यांसोबत ओलं खाणं, कारण पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि जास्त झोंबते. फिनेल बंद, ते पंजे चाटताना पोटात जातं आणि मांजराला बाधतं. मुतावर ब्लीच कधीच नको, त्यातून विषारी वाफ निघते. ओला डाग आधी फडक्याने टिपायचा, मग गार पाणी, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून मुरू द्यायचं. मुतातलं युरिक आम्ल साध्या पाण्याने सहजी जात नाही. धुतल्यावर वास गेलासा वाटतो आणि दमट हवेत परत वर येतो. मांजराला तो वास आला की तीच त्याची मोरी. आणि बोका वारंवार बसतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

आता मुख्य गोष्ट. मन्या दवाखान्यात असताना दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीची गादी गॅलरीत टाकलेली दिसली. मधोमध ओला डाग. मी बघतेय हे पाहून अम्मी घाईने म्हणाली, "त्याचाच जुना डाग आहे. पावसाने परत वर आला."

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की जुना वास दमट हवेत वर येतो. वास येतो. ओल येत नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. मी "हो, असेल" म्हणाले आणि शाळेत गेले.

मन्या घरी आला. ट्रे परत शांत जागी गेला, दुसरा ट्रे आला, महिन्याभरात सोफा कोरडा, पायपुसणं कोरडं. पण अम्मीच्या खोलीतली गादी दोनचार दिवसांआड गॅलरीत यायचीच. मन्या तिच्या पायाशी झोपायचा, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. अम्मी हल्ली पाणी कमी पिते, शेजारच्या लग्नाला गेली नाही, नमाजाच्या एका वेळेत दोनदा-तीनदा वुजू करते, हे सगळं मला दिसत होतं. विचारायला हवं होतं. पण काय शब्दांत विचारणार? ज्या आईने मला पाकी शिकवली तिलाच? त्यापेक्षा मांजरावर नाव असलेलं सोयीचं होतं. अम्मीची अब्रू राहत होती आणि माझी एका अवघड बोलण्यातून सुटका होत होती. हे मी स्वतःला तेव्हा इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

नवरा मात्र थकला होता. दोन महिने त्यानेच बादल्या ओतल्या होत्या. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "अम्मींना या वयात नापाक गादीवर झोपावं लागतंय. हे बरोबर नाही. गावी भावाकडे अंगण आहे, मन्याला तिकडे सोडतो." मला ती हदीस आठवली, मांजराला कोंडून, ना खाऊ घालून ना मोकळं सोडून मारणाऱ्या बाईची. आपण काही उपाशी कोंडत नाही, अंगणात सोडतोय, असं मी मनाला समजावलं. जन्मभर फरशीवर राहिलेला, नुकताच मरता मरता वाचलेला बोका कोकणच्या पावसात किती दिवस काढेल, याचा विचार मी केला नाही. किंवा केला आणि गप्प बसले.

रविवारी सकाळी टोपली तयार झाली. मुलगा रडून खोलीत जाऊन बसला. नवऱ्याने मन्याला उचललं तेव्हा अम्मी दारात येऊन उभी राहिली. आमच्या दखनीत म्हणाली, "नक्को भेजो उसकू." नवरा म्हणाला, "अम्मी, तुमच्यासाठीच तर." अम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत आहे. तू का बोलत नाहीस?"

मग ती स्वतःच बोलली. जावयासमोर, पदर डोक्यावर ओढून, जमिनीकडे बघत. गादी मन्याने नाही भिजवली. सुरुवातीला एकदोनदा त्याने केलं असेल. बाकी सगळं तिचं. अब्बांच्या आजारपणापासून सुरू झालं होतं, शिंकलं-खोकलं तरी थेंब यायचे, रात्री उठेपर्यंत धीर निघायचा नाही. "मुक्या जनावरावर घातलं मी. कयामतला ते माझा पदर धरेल."

नवऱ्याने मन्याला खाली ठेवलं आणि टोपली माळ्यावर टाकली. काही बोलला नाही. थोड्या वेळाने आतून चहा करून आणला, पहिला कप अम्मीला.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासात लघवीला जंतुसंसर्ग निघाला, साखर वाढलेली निघाली, आणि लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी अम्मी रात्री झोपताना घेत होती. ती सकाळी घ्यायला सांगितली. चार बाळंतपणांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडले होते. त्यासाठी व्यायाम दिला, लघवी रोखताना आवळतो तसे स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा. फरक पडायला तीनेक महिने लागतात. अम्मीने लघवी होऊ नये म्हणून पाणी कमी केलं होतं. ते सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते आणि जास्त झोंबते. हेच वाक्य मी महिन्याभरापूर्वी दुसऱ्या दवाखान्यात ऐकलं होतं. अम्मीला सांगितलं तर किती तरी दिवसांनी ती हसली. "म्हणजे मन्सूर मियाँचा आणि माझा आजार एकच."

घरी आल्यावर तिने ट्रंकेतून एक वही काढली. त्यात दररोजच्या पाच-पाच रेघा होत्या. इतक्या महिन्यांच्या नमाजा नापाक कपड्यांत झाल्या असं धरून ती कजाचा हिशेब ठेवत होती. सत्तरीतली बाई, गुडघे दुखत असताना, रात्री उठून एकेक रेघ फेडत होती आणि तिकडे आम्ही मांजराच्या ट्रेची जागा ठरवत होतो.

ओळखीच्या एका आलिमांकडे ती वही घेऊन गेलो. त्यांनी नीट समजावलं. नमाजाच्या एका पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत मिळू नये, इतकी गळती सतत असेल, तर हनफी फिकहप्रमाणे ती व्यक्ती माजूर ठरते. मग त्या वेळेपुरता एक वुजू पुरतो, मधे थेंब आले तरी. शाफईंकडे प्रत्येक फर्जासाठी वेगळा वुजू. अम्मीचं तसं नव्हतं, तिला मधे उसंत मिळते. तिने पॅड वापरावं, नमाजाआधी बदलावं, जागा धुऊन वुजू करावा. आणि थेंब आला की काय या नुसत्या शंकेने वुजू तुटत नाही. वही त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

निघताना त्यांनी अम्मीला मस्जिद-ए-नबवीतली ती प्रसिद्ध हकीकत सांगितली. एक खेडवळ अरब मशिदीत येतो आणि तिथेच लघवीला बसतो. लोक त्याच्यावर धावून जातात. पैगंबर (स.) त्यांना थांबवतात, त्याचं पुरं होऊ देतात, मग त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगतात. हदीसच्या किताबांतली ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. मी ती जमीन पाक कशी करायची याची गोष्ट म्हणून ऐकत आले होते. माझा नवराही बादली घेऊन उभा राहायचा तो याच हकीकतीच्या आधाराने. त्यात बादलीच्या आधी एक गोष्ट आहे. धावून येणाऱ्यांना थांबवणं. ती आम्ही दोघांनीही सोडून दिली होती. मन्यावर मी धावून गेले. अम्मीवर कुणी धावून गेलं नाही, पण मन्यावर धावून जाताना ती बघत होती. आपलं कळलं तर काय होईल, हे तिला त्यातून कळलंच असणार.

आता सगळं बरं चाललंय. अम्मी व्यायाम तस्बीह हातात घेऊन करते, मणी मोजायला बरे पडतात म्हणते. रात्री एखाद वेळी होतं अजून, पण गादीवर मेणकापड आहे, वर चादर आहे, चादर मशीनमध्ये जाते. कुणी काही विचारत नाही. नानांनी भरलेल्या गादीचा कापूस आम्ही उन्हाळ्यात काढला, खराब झालेला टाकला, उरलेला पिंजून घेतला. त्याची आधीपेक्षा पातळ गादी झाली. अम्मी म्हणाली, मीही कुठं पहिल्याइतकी राहिले.

मन्याने त्यानंतर एकदा घाण केली, आम्ही चार दिवस चिपळूणला गेलो होतो तेव्हा. माझ्या उशीवर. मी फडकं आणलं, टिपलं, एन्झाइम ओतलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

हे सगळं लिहायचं की नाही, मी अम्मीला विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "लिही. मिरजेत माझ्या ओळखीच्या तीन बायका आहेत, लग्नाकार्याला येत नाहीत, मोहल्ल्यात तालीमला येत नाहीत. आता मला कळतंय का येत नाहीत. त्यांच्या मुली वाचतात का तुझं?"